गोजरा आत्याची पडद्यामागची जागा

आमच्या कारंजा गावात ज्या बाईने सगळ्यात जास्त सिनेमे पाहिले, तिने ते सगळे मागून पाहिले. मागून म्हणजे मागच्या रांगेतून नव्हे हो, पडद्याच्या मागून! ही बाई म्हणजे माझी आत्या, गोजराबाई, माझ्या बाबांची थोरली बहीण. आता कोणीही उठतो आणि सिनेमावर मत ठोकून देतो, तेव्हा मला हसूच येतं. अरे, मत द्यावं ते माझ्या आत्याने. तुम्ही खुर्चीवर टेकून शेंगदाणे खाता, ती ओल्या गोणपाटावर उकिडवी बसून अमेरिका पाहायची.

तंबूचा सिनेमा दर साल कपाशीच्या हंगामात यायचा. कपाशीतली सरकी काढायचा कारखाना, म्हणजे आमचं जिन, त्याच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात तंबू उभा राहायचा आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या कापडाचा मोठा पडदा. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन माणसं बादल्या घेऊन यायची आणि पडदा पाण्याने चिंब करायची. कापड ओलं झालं की चित्र आरपार उमटतं. समोर पुरुष बसायचे, मागे बाया. पुरुषांची नजर नको म्हणून तंबूवाल्याने ही सोय केली होती, आणि सोय म्हणजे काय, तर अंगावर थेंब थेंब पाणी गळायचं आणि लुगडी भिजायची.

आता आरपार उमटलेलं चित्र मागून पाहिलं की उलटं दिसतं. उजवा हात डावा दिसतो, डावा तो उजवा. हे तुम्हाला लगेच कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. सिनेमा म्हणजे काय हेच आम्ही पहिल्यांदा पाहत होतो, त्याला सुलटी बाजू असते हे कोण सांगणार? पडद्यावर मधेमधे अक्षरं यायची, पण मागे बसलेल्या बायांपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. ती अक्षरं समोर उभे राहून चांदभाई मोठ्या आवाजात सांगायचे. चांदभाई दिवसा दर्जी होते, फाटलेला तंबूही तेच शिवायचे, आणि संध्याकाळी सिनेमा सांगायचे. त्यांची बायको अमीनाबी मागे आमच्यातच बसायची.

आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आली, ती कायमची. पण ओझं म्हणून नाही राहिली कधी. जिनात कामाला जायची, मशीनला कपाशी घालायची. संध्याकाळी भोंगा झाला की तशीच तंबूत. केसांत रुई, भुवयांवर रुई, आणि डोळे पडद्यावर. लोक म्हणायचे, विधवा बाईला असले शौक शोभत नाहीत. आत्या म्हणायची, "माह्या डोयाले कोणी कुंकू लावत होतं काय, आता पुसलं म्हणून मिटून घेऊ?"

तिच्या मतांचं काय सांगू! एकेक देश तिने निवडून ठेवला होता, जिनात कपाशीची प्रत ठरवतात तसा.

अमेरिकेवर तिचा राग नव्हता, पण कीव होती. "निरा धावतेच बाप्पा ते लोक. घोड्यावर धावते, गाडीवर धावते, गाडीच्या टपावर धावते. त्या गाडीले टेसनच नाही काय? आपली मूर्तिजापूरची गाडी बरी. माणूस उतरते, पानी पेते, अन् पुन्हा चढते." अमेरिकेचे हसण्याचे खेळ लागले की समोरचे पुरुष लोटपोट व्हायचे. त्यात एकजण दुसऱ्याच्या तोंडावर काहीतरी पक्वान्न फेकून मारायचा. आत्या हसायची नाही. "अन्न फेकून राह्यले! छप्पनचा दुकाळ पाह्यला नाही यायनं." संवत छप्पनचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालचा तो दुष्काळ तिने लहानपणी पाहिला होता, म्हणून त्यावर मी कधी काही बोलले नाही.

विलायतेचे खेळ तिला कंटाळवाणे वाटायचे. "सायब आला, दार उघडलं, टोपी काढली, दार लावलं. पुन्हा दुसरं दार. एवढे दारं घराले, अन् बसाले एक ओसरी नाही." पण एका विलायती खेळात बर्फ पडलेला दाखवला तेव्हा ती उठूनच उभी राहिली. तिला ती रुई वाटली. "अवो, उघड्यावर टाकली एवढी रुई! कोन्या चिलीमवाल्याची ठिणगी पडली तं? मालक कोठी हाये याचा?" अमीनाबीने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

जर्मनीची भुतं मात्र तिला पसंत होती. भिंतीवर लांब सावली पडायची, मग नखं, मग तो स्वतः. "याले म्हणते भूत. आपलं भूत निस्तं चिंचेवर बसून राह्यते. जर्मनीचं भूत कामाले लागते." चुंबनाचा प्रसंग आला की ती माझे डोळे हाताने झाकायची. स्वतःचे मात्र टक्क उघडे. एकदा मी विचारलं, काय करून राह्यले गं ते? म्हणाली, "दात दुखते त्या बाईचा. थो पाहून राह्यला."

आणि आपले मुंबईचे खेळ? देवाधर्माचे खेळ ती हात जोडून पाहायची, पण डोळा शाबूत ठेवून. देवाचा मुकुट हलला की म्हणायची, "आतून चिंधी लावाले पाह्यजे होती." जुन्या खेळांत देवीचं काम पुरुष करायचे. "मनगटावर केस पाहा देवीच्या. बोकड बरा." रडण्याचे खेळ तिला मुळीच नको असायचे. "रडाले मले पडदा कायले पाह्यजे? घरी बसून होते थे." मारामारीचे खेळ तिला सगळ्यात प्रिय, त्यातही घोड्यावरची बाई असली तर मग काय, अमीनाबीच्या मांडीवर थापा मारून मारून तिची मांडी लाल करायची.

हे सगळं मला पाठ आहे, कारण मी तिच्या मांडीला मांडी लावून तिथे बसलेली असायची. मी मागे का बसले आणि नऊ वर्षं का बसले, ती गोष्ट आता सांगते. ती गोष्ट माझ्या डाव्या हाताची आहे.

मी जन्माची डावखुरी. घास डाव्या हाताने, झाडू डाव्या हाताने, पाणी डाव्या हाताने. माझी माय, प्रयागबाई, फार भित्री बाई होती. दुष्ट नव्हती, मी सांगून ठेवते, उगाच कोणी तिला नावं ठेवू नका. डावखुरी पोरगी पाहून सोयरे परत जातात हे तिने आपल्या माहेरी पाहिलं होतं. म्हणून जेवायला बसले की ती जुन्या लुगड्याची चिंधी काढायची आणि माझं डावं मनगट माझ्या कमरेला बांधायची. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जायचाच नाही, वरण कोपरावरून ओघळायचं. मी रडायची, मायही रडायची, पण गाठ सोडायची नाही. बाबा, म्हणजे जगदेवराव, अशा वेळी नेमके बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. मनगटावर काळा वळ पडला होता, सहा वर्षांच्या पोरीच्या.

सव्वीस सालच्या थंडीत आत्या मला पहिल्यांदा तंबूत घेऊन गेली. मागे बसलो. खेळ अमेरिकेचा होता. शिपायाने सलाम ठोकला, डाव्या हाताने. सायबाने पत्र लिहिलं, डाव्या हाताने. मडमेने चहा ढवळला, डाव्या हाताने. बाकीच्या बायांच्या ते ध्यानातही आलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आत्याने माझा वळ पडलेला हात आपल्या हातात घेतला आणि पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "पाह्य पोरी, पाह्य! अख्खा मुलूख तुह्यासारखा हाये!"

दुसऱ्या दिवशी माय चिंधी घेऊन आली तर आत्या मधे उभी. "सोड थो हात, प्रयागा. सायब लोकं डाव्या हातानं राज्य करून राह्यले, अन् तू पोरीचा हात बांधतं!"

"सायबायचं आपल्याले काय करायचं, बाई? ते तं गाय खाते." माय नणंदेला बाई म्हणायची.

"मंग देव पाह्यशीन? देवाचा खेळ लागला हाये शुक्रवारी. देव उजव्या हाताचा निंगाला तं बांध खुशाल. मी बोलनार नाही."

माय आली. जन्मात पहिल्यांदा ती तंबूत आली, आणि मी तिच्या आणि आत्याच्या मधे बसले. माझ्या हाताचा निकाल त्या दिवशी लागणार होता हे मला कळत होतं. देव आला. भक्त पाया पडला. देवाने हात उचलला, आणि आशीर्वाद दिला. डाव्या हाताने! माय तिथल्या तिथे ओल्या जमिनीवर डोकं टेकवून म्हणाली, "माफ कर देवा, म्या तुह्याच हाताले बांधलं." घरी येऊन तिने ती चिंधी चुलीत घातली. त्या रात्री मी डाव्या हाताने तीन भाकरी खाल्ल्या.

तेव्हापासून माझा हात मोकळा. मायने पुन्हा तंबूत पाय ठेवला नाही. देव पाहिला, झालं, तिला आणखी काय पाहायचं होतं? पण मी आणि आत्या दर साल जात राहिलो. जिनात कापूस घ्यायला एक गोरा सायब यायचा, तो सही उजव्या हाताने करायचा. हे मायच्या कानावर आलं तेव्हा ती घाबरून आत्याकडे गेली. आत्या म्हणाली, "इथं आला तं इथली रीत पाळून राह्यला बिच्चारा. घरी गेला का डावा." मायचं समाधान झालं.

पुढे तीन-चार वर्षांनी तंबूवाल्याने समोर एका बाजूला कनात लावली आणि आत बायांना बसायची जागा केली. हळूहळू सगळ्या बाया समोर गेल्या. मागे उरलो आम्ही तिघी, आत्या, मी आणि बुरख्यातली अमीनाबी. मी म्हणायची, आत्या, आपणही समोर बसू नं. आत्या नाक मुरडायची. "समोर कोन बसते? धूळ खाणारे. मांगं पाह्य कसं गार गार लागते. शौकीन मानूस मांगंच बसते." मला वाटलं, असेल. खरं सांगू? कनातीत एकदा डोकावून पाहायला मला कोणी अडवलं नव्हतं. नाही डोकावले. आपला हात मोकळा आहे ना, मग दुनियेची उलटतपासणी कशाला, असा माझा हिशेब. पोर असले तरी मूर्ख नव्हते मी.

मग पस्तीस साली बोलपट आला. आवाजाचा भला मोठा कर्णा पडद्याच्या पाठीशी ठेवला, आणि मागची जागा बंद झाली. पडद्यावर पाणी मारणारे घरी गेले, चांदभाईंचं सांगणंही संपलं. मी तर वेडी झाले होते, पडद्यावरची माणसं बोलतात म्हणे, गातात म्हणे! आणि आत्या? आत्याने सिनेमाच सोडला.

"बोलपट म्हंजे कानामांगून आला अन् तिखट झाला," ती म्हणायची. "सिनेमा मुकाच पाह्यजे. बोलाले काय कमी लोकं हायेत गावात?" दोन हंगाम तंबू आला आणि गेला. जिनाचा भोंगा झाला की आत्या सरळ घरी यायची आणि ओसरीवर बसून राहायची. तंबूतलं गाणं वाऱ्यावर ऐकू यायचं, तिचा पाय आपोआप ताल धरायचा, आणि मला एकटीला ती जाऊ द्यायची नाही. मला फार राग यायचा तिचा. म्हातारी झाली, हट्टी झाली, असं मी तोंडावर म्हणाले एकदा. तिने ऐकून घेतलं.

सदतीसच्या पौषानंतर माझ्यासाठी केनवडचं स्थळ आलं. बबनरावांचा मुलगा शालिग्राम, घरची शेती, निर्व्यसनी. दोन दिवस दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून बबनराव आले, आणि सोबत मुलाची आई मनकर्णाबाई. मुलगी पाहायला बाई स्वतः येण्याची रीत नव्हती, पण ही आली. सडपातळ, कमी बोलणारी, आणि नजर अशी की माणसाने आपोआप पदर सावरावा.

मायने मला आठ दिवस घोकवलं होतं, पाणी उजव्या हाताने दे. माझा हात देवाचा खरा, पण सोयऱ्यांसमोर पहिल्या दिवशी कशाला, असं तिचं म्हणणं. मी पेला उजव्या हाताने पुढे केला, आणि तो मनकर्णाबाईच्या मांडीवर सांडला. तिने लुगडं झटकलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. "हात नवा दिसून राह्यला. डावखुरी हाये काय वं?"

मी मान खाली घातली. माय मात्र धीराने म्हणाली, "होये. पन अशुभ नाही, बाई. देवच डावखुरा हाये. म्या माह्या डोयानं पाह्यला, तंबूत." आणि तिने सगळं सांगितलं, सायब, मडम, देवाचा आशीर्वाद, सगळं.

मनकर्णाबाईने शांतपणे ऐकलं. "हातच्या कांकनाले आरसा कायले? तंबू उभाच हाये नं गावात? देवाचाच खेळ हाये म्हणे. मलेही दाखवा."

स्वयंपाकघरात आत्याच्या हातून परात पडली.

त्या दुपारी आत्याने काय नाही केलं! ताप आला म्हणाली. तंबूत साप निघाला म्हणाली. बोलपटातले देव बाटले म्हणाली. मायला तिचं काही कळेना. ज्या बाईने देव दाखवला तीच आता आड येते? शेवटी आम्ही निघालो तेव्हा आत्या पदर खोचून आमच्या मागे मागे आली. रस्ताभर तिने माझं डावं मनगट धरून ठेवलं होतं, घट्ट. मला दुखलं, तरी सोडेना.

समोर कनातीत बसलो. पडदा कोरडा, पांढराशुभ्र. मी पहिल्यांदाच त्याच्या या बाजूला बसले होते. खेळ सुरू झाला. राजाने तलवार उपसली, उजव्या हाताने. राणीने ओवाळलं, उजव्या हाताने. मला वाटलं, हे दोघे असतील तसे. मग देव आला. माय पुढे सरकली, तिने हात जोडले. देवाने हात उचलला.

उजवा.

 मायने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जोडलेले हात मांडीवर ठेवून दिले.   लग्नाचं मला काही नव्हतं. मला ती चिंधी आठवली, कमरेला बांधलेली. सतरा वर्षांची घोडी झाले होते, तरी तीच आठवली.

खेळ सुटल्यावर बाहेर चांदभाई उभे. सांगायचं काम गेलं होतं, पण तंबूची शिलाई त्यांच्याकडेच होती. आत्याला कनातीतून निघताना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"या अल्ला! गोजराबाई समोरून! सूरज कोठून निंगाला आज?" मग मायकडे वळून म्हणाले, "भाभी, आता सांगाले हरकत नाही, नाही तं कसम होती मले. दहा साल झाले. पह्यल्याच हंगामात अमीना बिमार होती, तं या गोजराबाई माह्या भाकरी घेऊन समोर आल्या. खेळ चालू होता. पाह्यते तं काय, सारे उजव्या हाताचे! मले म्हणे, चांदभाई, हे काय? म्या कोटाचं अस्तर उलटून दाखवलं. म्हटलं, बाई, मांगून पाह्यलं का डावा खिसा उजवा दिसते, तसंच हे. तवा तुमचा देवाचा खेळ होऊन चार रोज झाले होते. तं यायनं मले कसम घातली, कोनाले सांगशीन तं माह्या मेल्याचं तोंड पाह्यशीन."

"चांदभाई, बस झालं," आत्या म्हणाली.

"अवो, दर साल म्या यायच्यासाठी कनातीत जागा ठेवली, पह्यल्या रांगेत. शौकीन बाई, सुलटा सिनेमा पाहू द्या म्हटलं. नाही म्हणजे नाही. पोरीले मांगं घेऊन बसतो म्हणे, मांगंच बरं." चांदभाई हसत होते. आमच्यापैकी कोणी हसत नाही हे पाहून तेही थांबले.

माय रस्त्यात उभी राहिली.  "बाई, तुमी मले फसवलं. देवाच्या नावानं फसवलं?"

"होये," आत्या म्हणाली. "फसवलं. पह्यले चार रोज खरं वाटलं मले, मंग फसवलं. तू चिंधी चुलीत घातली होती, प्रयागा. पोट्टी पोटभर जेवत होती. मी येऊन खरं सांगतलं असतं तं तू दुसरी चिंधी फाडली असती. सांग, फाडली असती का नाही?"

मायची नजर माझ्या मनगटावर गेली.

"मंग? मले काय हरिश्चंद्राचं राज्य पाह्यजे होतं? देवाचं पाप लागत असन तं लागू दे मले. पोरीचा हात मी पुन्हा बांधाले देला नसता." आणि एवढं बोलून माझी ती जिभेचा पट्टा चालवणारी आत्या रस्त्यात ढसाढसा रडायला लागली. "अन् तू मले म्हातारी म्हन, हट्टी म्हन," असं मला म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडले.  सिनेमासाठी जीव टाकणारी बाई, तिची पहिल्या रांगेतली जागा रिकामी राहिली आणि ती ओल्या गोणपाटावर बसून उलटी दुनिया पाहत राहिली, माहीत असून. बोलपट आला तेव्हा तिने तोही सोडला. आणि मी तिला हट्टी म्हणाले होते.

मनकर्णाबाई इतका वेळ बाजूला उभी होती. आम्ही तिला विसरूनच गेलो होतो. ती पुढे आली आणि मायला म्हणाली, "घरी चला, बाई. भूक लागली. पोरीले भाकर टाकाले सांगा. तिले जमन त्या हातानं."

मी डाव्या हाताने भाकर थापली. ती बसून पाहत होती. भाकर फुगली, तिने तोडून खाल्ली, दुसरी मागितली. मग बबनरावांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देव कोन्या हाताचा हाये थे मले मालूम नाही. पन ज्या घरची बाई पोरीच्या हातासाठी दहा साल उलटं पाह्यते, त्या घरची पोट्टी म्या दुसऱ्याच्या घरी जाऊ देत नाही."

लग्न वैशाखात लागलं, आमच्याच अंगणात. मांडव भरला होता. नवरीच्या डाव्या मनगटाला हळकुंडाचं कंकण बांधतात. लग्न लावणाऱ्या महाराजांनी दोरा हातात घेतला तेव्हा मी आत्याला शोधत होते. ती दिसेना. मग दिसली. विधवा बाईने अशा वेळी समोर यायचं नसतं, म्हणून ती मांडवाच्या पडद्यामागे उभी होती आणि कापडाच्या फटीतून एका डोळ्याने पाहत होती.

मायनेही तिला पाहिलं. माझी भित्री माय, जी लोकांना भिऊन माझा हात बांधायची, ती भर मांडवातून उठली. बाया कुजबुजल्या. कोणी तरी तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला, पडदा बाजूला केला आणि आत्याच्या हाताला धरून म्हणाली, "बाई, लय साल झाले मांगून पाह्यता. आता समोर या."

तिने आत्याला आणून माझ्या अगदी पुढ्यात बसवलं, पहिल्या रांगेत.  आत्याने मला पाहिलं, शालिग्रामला पाहिलं, मग महाराजांच्या हातातल्या दोऱ्याकडे आणि माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं.

"महाराज," ती म्हणाली, "जरा सैल बांधा."

महाराजांनी सैल बांधलं.